पानगळीच्या रानात पहिली ते चौथीची मुले : खान्देशातल्या शिक्षक-पालकांसाठी मार्गदर्शक

लहान मुलांना रानात न्यायचे म्हटले की बहुतेक शाळा दिवाळीआधीचा मुहूर्त धरतात. हिरवळ असते, फोटो चांगले येतात. पण खान्देशात ऑक्टोबरमध्ये गवत कमरेएवढे असते आणि त्यात पाय कुठे पडतो ते दिसत नाही. वर ऊनही चटके देते. आपल्याकडची खरी पानगळ संक्रांतीच्या आसपास रंगात येते. साग, सालई उघडे पडतात, धावड्याची पाने तांबूस होतात, जमिनीवर पाचोळा साचतो आणि झाडीतून लांबवर दिसू लागते. संक्रांत ते फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, हे चार आठवडे लहान मुलांसाठी सगळ्यांत चांगले. त्यानंतर वणव्याचे दिवस सुरू होतात आणि दुपार तापू लागते.

हा लेख पहिल्यांदाच मुलांना बाहेर काढणाऱ्यांसाठी आहे. एक गोष्ट आधीच ठरवून घ्या : ही सहल नाही. सहलीत पाच ठिकाणे बघून संध्याकाळी परततात. इथे एकच जागा निवडायची आणि त्याच जागी महिन्याभरात तीनदा जायचे. पहिल्या वेळी मुले बावरतात किंवा नुसती हुंदडतात. दुसऱ्या वेळी त्यांना झाडे ओळखू येतात. तिसऱ्या वेळी ती स्वतःहून प्रश्न विचारतात. एकाच फेरीवर थांबलात तर यातला चांगला भाग हातून जातो.

जागा

शाळेपासून चालत १५-२० मिनिटांवर असलेले गायरान, नाल्याकाठची झाडी किंवा जुन्या लागवडीचा पट्टा पुरेसा आहे. पाल, यावल अभयारण्य, पाटणादेवी, तोरणमाळ ही नावे मोठी आहेत, पण पहिल्या फेरीला ती नकोत. तोरणमाळचा घाट वळणावळणाचा आहे, पहिलीची पोरे वर पोचेपर्यंत उलट्यांनी बेजार होतात. शिवाय यावल, अनेर आणि गौताळा ही अभयारण्ये आहेत. तिथे पान, बी, पीस काहीही उचलता येत नाही. मुलांच्या हाताला काहीच लागू द्यायचे नसेल, तर या वयात रानात नेण्याचा निम्मा उपयोग संपतो.

जागा बघायला दोन मोठ्या माणसांनी आधल्या आठवड्यात, त्याच वेळी म्हणजे सकाळीच जावे. या गोष्टी पाहा :

- कमीत कमी पाच जातींची झाडे आणि मधे वर्गाएवढी मोकळी, सपाट जागा.
- वर मान करून प्रत्येक मोठे झाड, कड्याची कपार, पुलाखालची बाजू. आग्या मोहळ दिसले तर जागा बदला. जवळचे असो वा शंभर पावलांवरचे, तडजोड नको.
- उघडी विहीर, शेततळे, मुरूम काढलेला खड्डा, खाली लोंबणारी विजेची तार.
- गाडी किती जवळ येऊ शकते आणि मोबाइलला रेंज कुठे मिळते.

सातपुड्याच्या आणि चाळीसगावच्या बाजूला बिबट्याचा वावर आहे, सातपुड्यात अस्वलेही आहेत. त्यामुळे उजाडताना आणि तिन्हीसांजेला रानात थांबायचे नाही, रस्त्यापासून फार आत शिरायचे नाही आणि आदल्या रात्री काय दिसले ते गुराख्याला विचारून घ्यायचे. हा गुराखी किंवा गावातले एखादे आप्पा-नाना सोबत आले तर फारच बरे. झाडांची माहिती त्यांच्याइतकी कोणत्याही तक्त्यात नसते.

कागदपत्रे

जमीन कोणाची आहे ते तलाठ्याकडे किंवा ग्रामपंचायतीत कळते. वनजमीन असेल तर वनरक्षकाला सांगून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावे साधे पत्र द्या. सामूहिक वनहक्क मिळालेले गाव असेल (नंदुरबार, धुळ्यात अशी गावे आहेत) तर ग्रामसभेला विचारा. मुख्याध्यापकांची परवानगी, शाळा व्यवस्थापन समितीला कल्पना आणि प्रत्येक पालकाचे संमतीपत्र घ्या. संमतीपत्रात तीन ओळी हव्यातच : मुलाला दमा किंवा फिट येते का, मधमाशी चावल्यावर आधी कधी अंग सुजले होते का, आणि तातडीला कोणाला फोन करायचा. शनिवारची सकाळची शाळा यासाठी सोयीची. दप्तर नसते, पालकही मोकळे असतात.

माणसे आणि सामान

पहिली-दुसरीला सहा मुलांमागे एक मोठे माणूस, तिसरी-चौथीला दहामागे एक. ३० मुलांच्या पुढे एका वेळी नेऊ नका. वर्ग मोठा असेल तर दोन शनिवार करा.

अंगात लांब बाह्यांचा सुती शर्ट, पायघोळ पँट किंवा लेगिंग, डोक्यावर टोपी किंवा रुमाल. पायात बंद बूट हवेतच. चपलेत काटा तर शिरतोच, पण खरी भीती फुरशाची, म्हणजे या विषारी सापाची. ते आखूड असते, पाचोळ्याच्या रंगात मिसळून जाते. ज्यांच्याकडे बूट नाहीत त्यांच्यासाठी जुने बूट गावातून गोळा करून शाळेत एक पेटी भरून ठेवा. बूट नाहीत म्हणून एखादे मूल मागे राहता कामा नये. अत्तर, वासाची पावडर आदल्या दिवशीच बंद करायला सांगा. त्या वासाने मधमाश्या बिथरतात.

३० मुलांसाठी सामान असे :

- पिण्याचे पाणी माणशी १ लिटर, वर १० लिटरचा एक जार. हात धुवायला ५ लिटर वेगळे, साबणाची वडी सुतळीच्या जाळीत घालून फांदीला टांगलेली.
- लाल कापडाच्या हातभर लांबीच्या २५ चिंध्या, सुतळीचा एक मोठा गुंडा, दोन शिट्ट्या.
- कमरेएवढ्या दोन काठ्या आणि एक लाकडी दाताळे.
- मेणाचे खडू, पाठकोरे कागद, जुने पायमोजे, दोन रिकामी पोती.
- प्रथमोपचार : पट्टी, कापूस, जंतुनाशक, चिमटा, भिंग, रुंद चिकटपट्टी, ओआरएसच्या पुड्या, दोन रुंद क्रेप बँडेज आणि हातपाय हलू नये म्हणून लावायच्या दोन सरळ पट्ट्या.

खायला दशमी, शेंगदाणे-गूळ, केळी. वेफर्सची पाकिटे नकोत. कचरा होतो आणि तहान वाढते.

आदल्या दिवशी शाळेच्या मैदानात

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि रानात गेल्यावर घसा बसेस्तोवर ओरडत राहतात. मैदानात अर्धा तास काढा. मुलांच्या जोड्या लावा. जोडीतला एक जण दिसला नाही तर दुसऱ्याने जागीच थांबून हाक मारायची. तीन शिट्ट्या म्हणजे हातातले टाकून गोलात यायचे. हे खेळासारखे पाच-सहा वेळा करून घ्या, म्हणजे एका मिनिटात सगळे गोळा होतात. लपंडाव रानात खेळायचा नाही हेही इथेच सांगून टाका. जो खेळ न दिसण्याचा आहे, तो तिथे नको.

आणखी तीन नियम, याहून जास्त नकोत : दगड-लाकडाखाली आणि बिळात हात घालायचा नाही, विचारल्याशिवाय काहीही तोंडात घालायचे नाही, मोहळाकडे किंवा जनावराकडे काही फेकायचे नाही.

सकाळचा क्रम

८ वाजता निघावे. दोन मोठी माणसे अर्धा तास आधी पोचलेली असावीत. त्यांनी काठीने पाचोळा हलवत, पाय आपटत मोकळी जागा आणि भोवतीचा भाग फिरून घ्यायचा, मग मोकळ्या जागेच्या मध्यापासून साधारण ३० पावलांवर चौफेर झाडांना मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लाल चिंध्या बांधायच्या. चिंध्या मोठ्या माणसाच्या उंचीवर बांधल्या तर पहिलीच्या मुलांना त्या दिसतच नाहीत, आणि मग मुले ऐकत नाहीत म्हणून आपणच चिडतो. परतताना चिंध्या मोजून सोडून घ्या.

मुले आली की गोलात उभी करून सगळ्यांनी मिळून कडेने एक चक्कर मारायची. त्यानंतर पाऊण तास मोकळे सोडा.

या पाऊण तासात शिकवायचे काही नाही. मोठ्यांनी चिंध्यांच्या रेषेवर चारी बाजूंना उभे राहायचे, पाठ बाहेर आणि तोंड मुलांकडे. गप्पा मारत एका जागी घोळक्याने बसायचे नाही. पहिली दहा मिनिटे काही मुले नुसती उभी राहतात, "बाई, आता काय करू?" विचारतात. "बघ तुला काय सापडतंय" एवढेच म्हणा. पंधराव्या मिनिटापासून काठ्या गोळा होतात, घर-घर सुरू होते, कोणी मुंग्यांच्या रांगेमागे लागते. तेव्हा मधे पडू नका. मोठ्या माणसाने येऊन "हे कोणतं झाड, सांग पाहू" म्हटले की खेळ मोडतो आणि परीक्षा सुरू होते.

मग हात धुणे, खाणे, अर्धा तास एकच ठरवलेला उपक्रम, पुन्हा वीस मिनिटे मोकळा खेळ. ११ला आवरायला घ्यावे, साडेअकराच्या आत शाळेत परत. एका फेरीत दोन उपक्रम कोंबले तर दोन्ही अर्धवट राहतात.

पाचोळ्याचा ढीग

पाचोळ्यात उडी मारणे हा मुलांचा आवडता खेळ. पण आपल्याकडे आयता पडलेला ढीग म्हणजे विंचवाचे, क्वचित सापाचे घर. म्हणून आयत्या ढिगात उडी कधीच नाही. मोठ्या माणसाने दाताळ्याने दहा फूट लांबी-रुंदीची जागा मातीपर्यंत मोकळी करायची, दगड, काटक्या, बाभूळ-खैराच्या फांद्या वेचायच्या. मग मोकळ्या जागेतला पातळ पाचोळा थोडा थोडा झटकत आणून मुलांच्या गुडघ्याएवढा ढीग करायचा. या नव्या ढिगात, त्याच सकाळी, एका वेळी एकाने उडी मारायची. नुसती सागाची पाने घेतली तर त्यांचे वाळलेले देठ टोचतात आणि चुऱ्याची धूळ नाकात जाते, दमा असलेल्या मुलाला त्रास होतो. पळस, धावडा, मोह अशी मिसळ बरी. निघताना ढीग पसरून टाका. पेटवायचा मात्र अजिबात नाही. पाचोळा कुजून माती होते, आणि एका काडीने आख्खी टेकडी जाते.

पाने ओळखणे आणि पाढे

एका फेरीला पाच झाडे पुरे. निवडताना एकमेकांहून ठळक वेगळी घ्या.

साग : खरखरीत, ताटाएवढे पान. पाचोळ्यात अशी पाने सापडतात ज्यांचा हिरवा भाग अळीने खाल्लेला असतो आणि नुसती शिरांची जाळी उरते. ही अळी पावसाळ्याच्या शेवटी सागावर येते, मोठ्या शिरा तिला चावत नाहीत म्हणून त्या राहतात. असे जाळीचे पान सूर्याकडे धरून शिरा कशा फुटत जातात ते बोटाने गिरवायला लावा. मधली जाड शीर, तिच्यातून निघालेल्या आडव्या आणि त्यांच्या मधली बारीक वीण. पानाला पाणी कसे पोचते हे समजावायला दुसरे चित्र लागत नाही.

अंजन आणि आपटा : ही दोन शेजारी ठेवा, कारण मोठी माणसेही गल्लत करतात. आपट्याचे पान एकच असते, टोकाला मधे चिरलेले. अंजनाला एका देठावर दोन सुटी दले, म्हणजे एकाच पानाचे दोन सुटे भाग, असतात. देठाजवळ बोट ठेवून पाहिले की फरक लगेच कळतो. आपटा दसऱ्यामुळे मुलांच्या ओळखीचा, त्यामुळे सुरुवात त्याच्यापासून करा.

सादडा, म्हणजेच ऐन : याला पानापेक्षा सालीने ओळखावे. काळपट आणि मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली. याच्याशेजारी धावड्याची गुळगुळीत, पांढुरकी साल डोळे मिटून चाचपायला द्या.

पळस : पळसाला पाने तीनच, हे सगळ्यांना पाठ असते. ही तीन म्हणजे खरे तर एकाच पानाची तीन दले. त्याचा उपयोग तीनच्या पाढ्याला करा. एका जोडीने खालच्या फांदीवरचे एक पान दाखवले की तीन, दुसऱ्या जोडीने दाखवले की सहा, असे तीसपर्यंत जा. मोजणी झाडावरच्या पानांचीच करायची. खाली पडलेल्या पानांची दले बहुधा देठापासून सुटलेली असतात, त्यामुळे मुलांना एकच दल म्हणजे पान वाटते आणि पाढा बिघडतो. दोनच्या पाढ्याला अंजन आहेच.

नावे विचारताना मुलाच्या घरच्या बोलीतले नाव आधी येऊ द्या. "हाई कसानं पान शे?" असे अहिराणीत विचारले की वर्गात मान खाली घालून बसणारी मुले भराभर बोलू लागतात. पावरी, भिली, तडवी घरांतल्या मुलांना तर रानातली कितीतरी नावे गुरुजींपेक्षा जास्त येतात. ती नावे फळ्यावर प्रमाण नावाच्या बरोबरीने, त्याच आकारात लिहा.

पायमोज्याची चाल

पँटच्या खाली, बुटावरून जुना मोठा पायमोजा चढवायचा आणि वाळल्या गवतातून, मोठ्या माणसाने काठीने तपासलेल्या पट्ट्यातून, पन्नास पावले चालायचे. परत येऊन मोजा काढून कागदावर ठेवायचा. कुसळे, आघाड्याचे बी, गोखरू, सगळे चिकटून आलेले असते. भिंगाखाली कुसळाचे टोक पाहा. त्यावर मागे वळलेले बारीक केस असतात, म्हणून ते पुढे शिरते आणि मागे निघत नाही. बी दुसऱ्याच्या अंगावरून प्रवास करते हे मुलांना असे हातात सापडते. उरलेला मोजा शाळेत मातीच्या ट्रेमध्ये आडवा ठेवून रोज थोडे पाणी शिंपडा. काही उगवते, काही नाही, आणि ज्याचे उगवत नाही त्याला वाईट वाटते. त्याला दुसऱ्या फेरीत पुन्हा चालू द्या.

खोपटी

जानेवारीत कपाशी उपटलेली असते. बांधावर पऱ्हाट्या आणि तुराट्यांचे ढीग असतात. शेतकऱ्याला विचारून दोन भारे घ्या. झाडाची ओली फांदी तोडायची गरजच पडत नाही.

१. पाच फुटांच्या तीन बांबूंची टोके एकत्र धरून वरून हातभर खाली सुतळीचे पाच-सहा वेढे मारायचे. गाठ फार आवळली तर पाय फाकत नाहीत, सैल राहिली तर सगळे फिरून खाली येते. वेढे मारून झाल्यावर पाय फाकवले की सुतळी आपोआप आवळते, एवढी ढिलाई ठेवा.
२. पाय एकमेकांपासून साधारण चार फूट. प्रत्येकासाठी वीतभर खोल खड्डा करून दगडाने ठासायचे. भेगाळलेल्या काळ्या जमिनीत पाय खचतो, म्हणून मुरमाड जागा पाहा.
३. मोठ्या माणसाने दोन्ही हातांनी हलवून पाहायचे. हलले तर आत कोणी जाणार नाही.
४. मग मुलांनी तुराट्या टेकवायच्या, एक बाजू उघडी ठेवून. पऱ्हाटीची तोडलेली टोके तिरकी, धारदार असतात. ती जमिनीकडे राहतील असे पाहा.

चौथीची मुले हे स्वतः करतात. पहिलीला बांबू उभे करून द्या. काम संपल्यावर पऱ्हाट्या रानात टाकून येऊ नका. त्यात बोंडअळी दडून राहते, भारा जिथून आणला तिथेच परत करा. हाताळल्यावर हात साबणाने धुवायचेच, कारण कपाशीवर फवारण्या झालेल्या असतात.

झाडावर चढण्याबद्दल एवढेच : जेवढे स्वतः चढता येते तेवढेच, मोठ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीपर्यंत. मुलाला उचलून फांदीवर बसवू नका. जे मूल स्वतः चढले नाही त्याला उतरताही येत नाही. शेवगा आणि सालई यांची फांदी कडकन मोडते, त्यांवर चढू देऊ नका.

हात लावू नये असे काही

खाजकुयली : वेलीवर तपकिरी, मखमली लव असलेल्या वाकड्या शेंगा. याच दिवसांत त्या वाळतात आणि वाऱ्याने लव उडते. अंगाला लागली तर चोळू देऊ नका. चिकटपट्टी लावून हलकेच उपटली की केस निघून येतात, मग साबण-पाण्याने धुवा.

गुंज : लाल, काळ्या ठिपक्याची देखणी बी. मुले खिशात भरतात. चावून फुटली तर जिवावर बेतते. परतताना खिसे तपासा.

मोगली एरंड, म्हणजे चंद्रज्योत : शेताच्या कुंपणाला लावलेली असते. बिया शेंगदाण्यासारख्या चवीच्या लागतात म्हणून मुले खातात आणि काही वेळाने उलट्या-जुलाब सुरू होतात. तुमच्या वाटेवर कुंपण कुठे आहे ते आधी बघून ठेवा आणि मुलांना ती फळे एकदा लांबून दाखवाच. नुसते "काही खाऊ नका" म्हणून भागत नाही.

बिब्बा : फळाचा चीक लागला तर उततो, फोड येतात. लगेच साबणाने धुवा. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. कांडोळाचे, त्या पांढऱ्या खोडाच्या झाडाचे फळ केसाळ असते आणि बोटात सल शिरतो.

चावले, डसले तर

आग्या मोहळ उठले तर शिट्टी, उपक्रम, सामान सगळे सोडा. तोंड-डोके कपड्याने झाकून मुलांना घेऊन गाडीत किंवा बंद खोलीत जा. पाण्यात उतरायचे नाही, हात हलवत माश्या मारायच्या नाहीत. नांगी राहिली असेल तर नखाने किंवा कार्डाने लगेच खरवडून काढा. ओठ, चेहरा सुजला, श्वास लागला किंवा बरेच डंख असतील तर थेट रुग्णालय.

साप चावला तर मुलाला चालू देऊ नका. कडे, दोरा, बूट काढा. सरळ पट्टी लावून पाय न हलेल असा बांधा, पण आवळून नाही. कापणे, चोखणे, दोरीने करकचून बांधणे, भगताकडे नेणे यांत वेळ आणि जीव दोन्ही जातात. १०८ला फोन करा. आपल्या जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे का, हे निघण्याच्या आदल्या दिवशी विचारून कागदावर लिहून ठेवलेले असावे. सापाला मारून सोबत नेण्याची गरज नसते.

विंचू चावल्यावर नुसते दुखणे वेगळे. लहान मुलाला घाम फुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर तो लाल विंचू समजून ताबडतोब दवाखाना गाठा. घरगुती उपायांत अर्धा तासही घालवू नका.

परतल्यावर

रानाच्या काठावरच डोकी मोजा, शाळेच्या फाटकात पुन्हा मोजा. मग जोडीने एकमेकांची पाठ, मान, केस, कानामागे बघायचे. गुरे चरतात तिथे गोचीड असते. चिकटलेली असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल, राख, काडी लावू नका. पायमोज्यांत राहिलेली कुसळे शाळेतच काढा, नाहीतर रात्री घरी मूल का रडते ते आईला कळत नाही.

त्याच दिवशी निबंध लिहायला सांगू नका. पुढची फेरी निबंधासाठी आहे असे मुलांना वाटले की मोकळा खेळ आखडतो. दोन दिवसांनी, सोमवारी, पोत्यातून आणलेली पाने जमिनीवर ओता आणि मुलांना हवी तशी वर्गवारी करू द्या. कोणी रंगावरून लावते, कोणी आकारावरून, कोणी वाजणारी आणि न वाजणारी अशी. कोणी कशावरून लावली ते फळ्यावर लिहा. दुसऱ्या फेरीचा उपक्रम त्यातूनच निवडा. वाजण्याचा विषय निघाला असेल तर बाहव्याच्या वाळलेल्या शेंगा, त्यातला गर खायचा नाही एवढे सांगून. पंखांचा निघाला असेल तर सादड्याची पाच पंखांची फळे, शाळेच्या ओट्यावरून सोडून कोणते आधी खाली येते ते पाहण्यासाठी.